चार दिवस मला सापडलेली बद्ध अवस्था

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मॅडमनी प्रोजेक्ट दिला तो ओ-थ्री सिग्मा मॉडेलचा: दर बिंदूवर तीन मितींत कुठेही वळू शकणारा एक बाण, आणि त्या बाणांतल्या लाटा म्हणजे कण. एक मिती अवकाशाची, एक काळाची. त्यात दोन कण एकमेकांवर आदळले की लाटेची फेज किती सरकते, ते सिम्युलेशनमधून काढायचं. उत्तर झामोलोद्चिकोव्ह बंधूंनी १९७९ मध्येच कागदावर नेमकं काढून ठेवलंय. "म्हणजे चुकलीस तर लगेच कळेल," मॅडम म्हणाल्या.

गंमत अशी की लॅटिसवर, म्हणजे सिम्युलेशनसाठी अवकाश-काळाची जी चौकटीदार जाळी घेतात तिच्यावर, टक्कर बघायला मिळतच नाही. तिथे काळ काल्पनिक धरतात, त्यामुळे कोरिलेटर (दोन वेळांच्या मापांमधला संबंध सांगणारा आकडा) नुसता घटत जातो. घटण्याच्या वेगावरून ऊर्जा कळते, फेज शिफ्ट नाही. यातून वाट काढली ती भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन ल्यूशर यांनी: डबा, म्हणजे कणांना मिळणारी जागा, मुद्दाम लहान ठेवायचा. डोंबिवलीहून आठच्या लोकलने येणारीला हे वेगळं समजवावं लागत नाही. तिघींच्या बाकावर चौथी टेकली की कोण किती सरकली त्यावरून कोणाचं कोणाशी कसं आहे ते कळतं. तसंच इथे कणांच्या आपसातल्या ओढाताणीने डब्यातल्या ऊर्जापातळ्या सरकतात. ल्यूशर आणि वोल्फ यांनी १९९० मध्ये याच मॉडेलवर हे करून दाखवलं. एकाच अवकाश-मितीत सूत्रही एवढंसंच: फेज शिफ्टची दुप्पट अधिक संवेग गुणिले लांबी, बरोबर दोन पायची पूर्ण पट.

बीटा (शेजारच्या बाणांच्या जोडणीची ताकद) १.५ घेतला, तिथे कोरिलेशन लेंग्थ, म्हणजे कणाच्या वस्तुमानाचा व्यस्त, साधारण ११ घरं येते. लॅटिस ६४ बाय ६४. वोल्फचा क्लस्टर अल्गोरिदम (बाणांचे गठ्ठे एकदम उलटवणारा) लिहायला दोन संध्याकाळी पुरल्या. लॅपटॉप रात्रभर डायनिंग टेबलावर घरघरत असायचा आणि आई पंखा त्याच्याकडे वळवून झोपायची. एका कणाचं वस्तुमान छान आलं.

मग आयसोस्पिन दोन, म्हणजे दोन कणांच्या बाणांच्या दिशा जुळवण्याच्या तीन प्रकारांपैकी एक. इफेक्टिव्ह मासचा (त्या त्या काळी कोरिलेटरच्या घटीवरून काढलेल्या ऊर्जेचा) आलेख वरून उतरत यावा आणि दोन कणांच्या वस्तुमानाच्या थोडा वर सपाट व्हावा, अशी अपेक्षा. माझा उतरला तो उतरतच गेला, त्या रेषेच्याही खाली. म्हणजे कण चिकटले, बद्ध अवस्था! इथे प्रतिकर्षण असतं हे वाचलेलं होतं, तरी चार दिवस तो प्रिंटआउट पर्समध्ये घेऊन हिंडले.

मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "तुझ्या लॅटिसवर काळ कुठे संपतो?"

संपतच नाही, टोकं जोडलेली. त्यामुळे एक कण पुढून जातो, दुसरा उलट्या बाजूने वळसा घालून येतो. एकाच्या घटीत जेवढा काळ वाढतो तेवढाच दुसऱ्याच्या घटीतून वजा होतो, आणि कोरिलेटरमध्ये एक स्थिर भर उरते. ६४ ला ११ ने भागून ई चा ऋण घातांक घ्या: साधारण ०.००३. मधल्या काळात खरा सिग्नलही त्याच पट्टीतला, मग आलेख खाली ओढला जाणारच.

उपाय तीन ओळींचा. शेजारच्या दोन काळांचे कोरिलेटर वजा केले की स्थिर भर उडते. खात्रीसाठी काळाची लांबी १२८ केली, तेव्हा बद्ध अवस्था आपोआपच नाहीशी झाली. वरच्या पातळ्यांसाठी अनेक ऑपरेटरांचं मॅट्रिक्स घ्यावं लागलं. त्यात महिना गेला, पण सांगण्यासारखं काही घडलं नाही. जॅकनाइफने, म्हणजे थोडा थोडा डेटा वगळून पुन्हा मोजत, एरर बार काढले. खालच्या संवेगाचे बिंदू त्या १९७९ च्या वक्रावर बसले, सगळ्यात वरच्याचा एरर बार मात्र एवढा लांब की तो कुठल्याही वक्रावर बसला असता. आयसोस्पिन शून्य करायचं राहिलं, त्यात निर्वाताचा (कण नसतानाचा) भाग वजा करताना फार गोंगाट होतो. ते मॅडमनी पुढच्या बॅचला दिलं.