रद्द, पण केव्हापासून? ‘रिपील’ आणि त्याचे भाऊबंद

इंग्रजीतील ‘रिपील’ या क्रियापदाचा अर्थ विचारला, तर आपण चटकन ‘रद्द करणे’ असे सांगतो. ‘रिव्होक’, ‘रिसिंड’, ‘अनल’, ‘क्वॅश’ आणि ‘कॅन्सल’ यांच्याबाबतही उत्तर तेच असते. मराठीत गाडी, परवाना, ठराव, करार आणि कायदा हे सारे आपण एकाच शब्दाने रद्द करतो आणि रोजच्या व्यवहारात त्यामुळे काही अडत नाही. कायद्याचा मजकूर वाचताना किंवा मराठीत आणताना मात्र एवढ्याने भागत नाही. रद्द कोण करते आणि ते केव्हापासून रद्द समजायचे, या दोन प्रश्नांची प्रत्येक क्रियापदाची उत्तरे वेगळी असतात. त्यांतला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

‘रिपील’चे कर्म जवळजवळ नेहमी कायदा असते आणि कर्ता असते कायदेमंडळ. अमेरिकेतील वसाहतींवर १७६५ साली लादलेला मुद्रांक कायदा ब्रिटिश संसदेने पुढच्याच वर्षी ‘रिपील’ केला. आयात धान्यावर कर बसवणारे कायदे रॉबर्ट पील पंतप्रधान असताना १८४६ मध्ये ‘रिपील’ झाले. आपल्याकडचे जवळचे उदाहरण तीन कृषी कायद्यांचे आहे. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला दिलेली स्थगिती हा ‘स्टे’ होता, तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संसदेने केले ते ‘रिपील’. न्यायालय कायदा घटनाबाह्य ठरवू शकते, परंतु ‘रिपील’ करू शकत नाही. वृत्तपत्रे दोन्ही वेळा ‘कायदा रद्द’ असाच मथळा देतात, तेव्हा नेमके काय घडले हे कळण्यासाठी खालची बातमी वाचावी लागते.

‘रिपील’चा परिणाम सामान्यतः पुढच्या काळावर होतो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम ६ नुसार, वेगळा हेतू दिसत नसेल तर, निरसित म्हणजे ‘रिपील’ झालेल्या कायद्याखाली आधी मिळालेले हक्क, ओढवलेल्या शिक्षा आणि चालू असलेली प्रकरणे यांना बाध येत नाही. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि १८६० ची भारतीय दंड संहिता निरसित झाली. तरीही त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहितेचीच कलमे लागतात. कायदा गेला, पण त्याच्या हयातीत जे घडले ते घडलेच. मराठी अधिनियमांच्या शेवटी ‘निरसन व व्यावृत्ती’ असे एक कलम बहुधा असते. वाचक ज्यावरून नजर सरकवून पुढे जातो तो ‘व्यावृत्ती’ हा शब्द म्हणजे निरसनातून काय वाचले याचा हिशेब असतो.

‘अनल’ची चाल याच्या उलट आहे. (मराठी वाचकाला या उच्चारातून अग्नी आठवेल, मूळ मात्र ‘शून्य’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे.) जे ‘अनल’ झाले, ते मुळात झालेच नव्हते असे समजले जाते. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पहिली राणी कॅथरीन हिला घटस्फोट दिला असे आपण सहज म्हणतो, परंतु १५३३ मध्ये आर्चबिशप क्रॅन्मरने दिलेला निर्णय घटस्फोटाचा नव्हता. १५०९ मध्ये झालेला तो विवाह मुळातच अवैध होता, असे त्याने जाहीर केले, आणि त्या तर्काने त्यांची मुलगी मेरी अनौरस ठरली. एका क्रियापदाची भूतकाळात पोहोचण्याची ताकद किती असते, याचे याहून कठोर उदाहरण मला ठाऊक नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्येही शून्यतेचा हुकूमनामा आणि घटस्फोटाचा हुकूमनामा वेगळे आहेत. मात्र अशा विवाहांतील अपत्यांना कलम १६ औरस मानते. ‘अनल’चा हात मुलांपर्यंत पोहोचू नये, अशी तजवीज कायद्यानेच केली आहे.

‘रिव्होक’ म्हणजे दिलेले किंवा पुकारलेले परत घेणे. परवाना, मृत्युपत्र आणि आणीबाणीची उद्घोषणा यांना हेच क्रियापद लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५२ च्या इंग्रजी पाठातही ते आहे. जून १९७५ ची आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी ‘रिव्होक’ झाली. इथे मराठी बोली अधिक नेमकी आहे, कारण आपण आणीबाणी किंवा संचारबंदी रद्द झाली असे न म्हणता ती उठली असे म्हणतो, आणि उठण्यापूर्वी ती होती हे त्यात गृहीतच असते. ‘रिसिंड’ मुख्यतः करार, ठराव आणि अधिसूचना यांच्यासाठी वापरतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६४ प्रमाणे शून्यकरणीय, म्हणजे एका पक्षाच्या इच्छेनुसार मोडता येणारा, करार ‘रिसिंड’ करणाऱ्याला त्याखाली दुसऱ्या पक्षाकडून मिळालेला लाभ शक्य तितका परत करावा लागतो. म्हणजे याचीही चाल मागे जाते, परंतु ती हिशेब चुकता करण्यापुरती.

‘क्वॅश’ हे न्यायालयाचे क्रियापद आहे. उच्च न्यायालयात प्राथमिक माहिती अहवाल ‘क्वॅश’ होतो. ‘कॅन्सल’ सर्वांचे आहे आणि म्हणूनच त्यात सर्वांत कमी नेमकेपणा आहे. त्याच्या मुळाशी जाळीच्या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, कारण लिहिलेल्यावर आडव्या-तिडव्या रेघा ओढून ते रद्द केले जाई. खात्याचा पुरावा म्हणून देण्याच्या ‘कॅन्सल्ड’ धनादेशावर आपण आजही तशाच रेघा ओढतो.

‘अबॉलिश’ला मी या यादीत वेगळे काढतो, कारण त्याचे कर्म सहसा कायदा नसून प्रथा, पद किंवा व्यवस्था असते. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता ‘अबॉलिश’ केली. ती ‘रिपील’ करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती कोणत्याही विधिमंडळाने संमत केलेली नव्हती. कोकणातील खोती, म्हणजे खोतामार्फत सारा वसूल करण्याची वतनी व्यवस्था, नष्ट करणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदाही याच क्रियापदाचा. असा कायदा समजा उद्या कोणी ‘रिपील’ केला, तर खोती परत येईल का? सर्वसाधारण नियम असा आहे, की निरसनाच्या वेळी जे अस्तित्वातच नव्हते ते केवळ निरसनामुळे पुन्हा जिवंत होत नाही. त्यासाठी तसे स्पष्ट शब्दांत लिहिलेला नवा कायदा करावा लागेल.