छप्पनिया म्हणजे 1956 नाही भाऊ

तर झालं असं का एम.ए.च्या लघुप्रबंधात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं, आमच्या यवतमाळ भागात 1956 ले मोठा दुष्काळ पडला. सोर्स काय, तर गावातले मारवाडी शेठजी, वय नव्वदीच्या पुढे, ते सांगत "छप्पनिया"त लोकं कसे मेले ते. गाईड मॅडमनी लाल पेनानं गोल केला आन् बाजूला लिहिलं, कोणतं छप्पन? तवा ट्यूब पेटली. शेठजी मोजत होते विक्रम संवतानं, आन् विक्रम संवत 1956 म्हणजे इंग्रजी 1899-1900! शेठजीचं काहीच चुकलं नव्हतं, गधेपणा माझा.

मग लागलो शोधाले. इंटरनेट आर्काइव्हवर जुने गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारची जिल्ह्याच्या माहितीची पुस्तकं, फुकट भेटतात, पण "यवतमाळ" टाकलं तर जुनं कायीच येईना, दोन रात्री गच्चीवर नेटवर्क शोधत बसल्यावर समजलं का 1905 पर्यंत जिल्ह्याचं नावच वूण होतं, वणीवरून. हे सापडलं विकिपीडियावर, बरं का. फुटनोटमधी विकिपीडिया टाकला तर मॅडम वहीच फेकतीन, पण सर्च काय करायचं ते तिथूनच कळते.

आता आकडे. वऱ्हाडची लोकसंख्या 1891 च्या जनगणनेत 29 लाखाच्या जवळ, 1901 ले साडेसत्तावीस. वाढायची ते घटली! मी लगेच सारं छप्पनियावर ढकललं, पण त्याच दहा वर्षांत 1896-97 चाही दुष्काळ आहे, मंग ते कोणाच्या खात्यात टाकता? जनगणना माणसं मोजते, कशानं मेले ते नाही सांगत. आन् गॅझेटियर लिहिणारे सरकारचेच साहेब, शेतसारा वसूल करणारे, तर रिलीफच्या, म्हणजे दुष्काळी मदतीच्या, कामाची त्यांनी केलेली तारीफ मी "सरकारचं म्हणणं" म्हणूनच घेतली.

आमची आजी सांगते, तिच्या आजेसासूनं तेव्हा तरोट्याच्या रानभाजीवर दिवस काढले. तीन तोंडातून आलेली गोष्ट, तारखेले कायी कामाची नाही. पण घरात दुष्काळ कसा आठवणीत राहिला, हे मले दुसरीकडं कुठी भेटलं नाही, म्हणून त्यावर आख्खं प्रकरण केलं.

मॅडम म्हणतात मुलाखतीची तारीख, ठिकाण, परवानगी सगळं लिहून घे. सही घ्यायला गेलो तर शेठजी म्हणे, "सही देतो बेटा, पण इंग्रजी सन तूच टाक."