दावीदाच्या सिंहासनाचा तक्ता : नोंद चौथी

या टप्प्यात दावीदाचे सिंहासन सर्वकाळ टिकेल हे देवाचे मूळ वचन आणि बायबलच्या जुन्या करारातच झालेल्या त्याच्या पुनरुक्ती समोरासमोर लावून झाल्या. रकाने पाच पुरतात: उतारा, बोलणारा, वचन कुणाला, अट आहे की नाही आणि 'सर्वकाळ' या अर्थाचा मूळ शब्द. 'पूर्तता' हा सहावा रकाना आत्ताच आखू नका. तो समोर असला की हात आधी तिकडेच जातो आणि अटीचा रकाना घाईत भरला जातो. खरी गोम अटीतच आहे.

सुरुवात २ शमुवेल ७ पासून. दावीद देवासाठी घर बांधायला निघतो आणि संदेष्टा नाथान सांगतो की देवच तुझे घराणे उभारील. हिब्रूत दोन्हीकडे 'बाइत' हाच शब्द आहे. मराठीत 'घर' आणि 'घराणे' शेजारी आले तर ही कोटी थोडीफार वाचते. 'मंदिर' घातले की गेली. 'ओलाम' (सर्वकाळ) हा शब्द या अध्यायात आठ वेळा येतो: नाथानाच्या तोंडी तीनदा (ओवी १३ मध्ये एकदा, १६ मध्ये दोनदा), उरलेले पाच दावीदाच्या प्रार्थनेत. मोजताना प्रार्थना सोडून देण्याची चूक हमखास होते.

आता हेच वचन पुन्हा सांगणारा १ इतिहास १७ शेजारी ठेवा. शमुवेलात 'तुझे घराणे, तुझे राज्य' आहे, तर इतिहासात 'माझ्या घरात, माझ्या राज्यात'. एका सर्वनामाने राज्य देवाचे झाले. शिवाय, मुलाने अपराध केल्यास मनुष्याच्या दंडाने शिक्षा करीन, हे शमुवेल ७:१४ मधले वाक्य इतिहासात नाहीच. दोन्ही उतारे एकाच रांगेत कोंबले तर हे फरक पुसले जातात, म्हणून रांगा वेगळ्या ठेवा.

अटीसाठी दोन रंग वापरा. १ राजे २:४, ८:२५, ९:४-५ आणि स्तोत्र १३२:१२ यांत 'जर' स्पष्ट आहे, म्हणून ते लाल. शमुवेल ७ निळा: तिथे शिक्षा आहे, पण दया काढून घेणे नाही. १ राजे ११:३६, १५:४ आणि २ राजे ८:१९ इथे दावीदासाठी 'दिवा' राखला जातो. राजे वाईट निघाले तरी वंश का टिकला, याचे ते उत्तर असल्याने तेही निळेच.

स्तोत्र ८९ ला मात्र दोन रांगा हव्यात. ३७ व्या ओवीपर्यंत वचन सूर्यचंद्राइतके पक्के आहे. ३८ पासून सूरच फिरतो आणि करार झिडकारल्याची, मुकुट धुळीत पडल्याची तक्रार सुरू होते. ३७ वर पुस्तक मिटणाऱ्याचा तक्ता खोटा ठरतो.

यिर्मया २२:२४ मध्ये कोन्या, म्हणजे यहूदाचा राजा यहोयाखीन, उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असला तरी उपटून टाकीन असे म्हटले आहे. ३० व्या ओवीत त्याच्या वंशातला कोणी दावीदाच्या सिंहासनावर बसणार नाही. हाग्गय २:२३ मध्ये त्याच यहोयाखीनाचा नातू जरूब्बाबेल मुद्रेची अंगठी होतो. या दोन रांगा बाणाने जोडा. अख्ख्या तक्त्यातला सर्वांत देखणा बाण हाच.

क्रमांकांची कटकट: हिब्रूत स्तोत्र ८९ चे शीर्षकच पहिली ओवी धरतात, म्हणून पुढचे सगळे आकडे एकाने वाढतात. यशया ९:६ तिथे ९:५ आहे, मीखा ५:२ तिथे ५:१. सेप्टुअजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, यिर्मयाचे अध्यायच वेगळ्या क्रमाने आहेत; हिब्रूतला ३३ वा तिथे ४० वा. आणि ३३:१४-२६, म्हणजे दावीदाला सिंहासनावर बसणारा पुरुष कधी कमी पडणार नाही हा भाग, तिथे सापडतच नाही. पान चुकले समजून शोधत बसू नका.

नव्या कराराची रांग सुरू झाली आहे. इब्री १:५ मध्ये शमुवेल ७:१४ चा पहिला अर्धाच घेतला आहे, शिक्षेचे वाक्य नाही. येशूला लावायचे तर ते वगळणे ओघानेच आले. मत्तय १ मधल्या येशूच्या वंशावळीत चौदा पिढ्यांचे तीन गट आहेत, आणि 'दावीद' या नावातल्या हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीजही ४+६+४, म्हणजे १४. मात्र योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळलेले आहेत. मत्तय शलमोनाच्या वाटेने उतरतो, तर लूक ३:३१ दावीदाचा मुलगा नाथान याच्या वाटेने. हा नाथान आणि संदेष्टा नाथान एकच समजण्याची गफलत फार होते.

पुढच्या टप्प्यात लूक १:३३ आणि १ करिंथ १५:२४ समोरासमोर येतील. एकीकडे राज्याला अंत नाही, दुसरीकडे पुत्र राज्य पित्याच्या हाती सोपवतो. ३२५ च्या नायसियाच्या मतांगिकारात (चर्चच्या श्रद्धेच्या अधिकृत निवेदनात) 'ज्याच्या राज्याला अंत नाही' हे शब्द नव्हते. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या मतांगिकारात ते आहेत. ही रांग कोणत्या रंगात भरायची, ते अजून ठरलेले नाही.