अडतीची पट्टी जावात, नोंद ५: हमाली कुठं गेली?

लातूरच्या मोंढ्यात मामांची अडत आहे. त्यांच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे मालविक्रीचे हिशेब, काढायचा प्रोग्राम मी सुट्टीच्या दिवशी स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये लिहितोय. या पंधरवड्यात एकच काम हाती घेतलं: गेटर-सेटर (फील्ड वाचायच्या आणि बदलायच्या छोट्या मेथड) आणि एका क्लासातून दुसऱ्यात माहिती भरणाऱ्या हातच्या ओळी काढून टाकायच्या. एन्टिटीला (डेटाबेसातल्या नोंदीचा क्लास) गेटर-सेटर आपोआप बनवणारं लोम्बॉक, डीटीओला (माहिती बाहेर न्यायचा क्लास) जावा १६ पासून आलेले रेकॉर्ड, म्हणजे नुसती माहिती धरणारे आटोपशीर क्लास, आणि मधल्या भरणीचा कोड लिहून देणारं मॅपस्ट्रक्ट.

पहिल्याच दिवशी बिल्ड, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्राम बनवायचं काम, अडलं. मॅपस्ट्रक्टला एन्टिटीत एकही प्रॉपर्टी सापडेना. लोम्बॉक आणि मॅपस्ट्रक्ट दोघंही कंपाइल होताना कोड तयार करणारे प्रोसेसर. लोम्बॉकचे गेटर तयार व्हायच्या आधीच मॅपस्ट्रक्ट क्लास बघून मोकळा. लोम्बॉक १.१८.१६ पासून ‘लोम्बॉक-मॅपस्ट्रक्ट-बाइंडिंग’ वेगळं जोडावं लागतं. जोडलं, सुटलं.

खरा धडा पुढं मिळाला. सोयाबीनची चाचणी पट्टी मामांपुढं ठेवली. कट्टे, क्विंटल, भाव, तोलाई, सगळं बरोबर. मामा म्हणाले, “अरे, हमाली कुठं गेली?” ती जागा रिकामी होती. एन्टिटीत फील्ड ‘हमाली’, डीटीओत ‘हमालीखर्च’. नाव जुळलं नाही की मॅपस्ट्रक्ट ते फील्ड तसंच सोडतो आणि नुसता इशारा देतो. बिल्ड करणाऱ्या मेव्हननं छापलेल्या ओळींच्या ढिगात तो मी वाचलाच नव्हता. आता ‘अनमॅप्ड टार्गेट पॉलिसी’, म्हणजे न भरलेल्या फील्डचं काय करायचं ती सेटिंग, एररवर ठेवलीय. फील्ड सुटलं की बिल्डच होत नाही. मला विचाराल तर सुरुवातीपासून असंच असायला हवं होतं. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पैशाच्या हिशेबाला इशारा पुरत नाही.

त्या रात्री ‘टार्गेट’ फोल्डरातल्या जनरेटेड-सोर्सेसमधला, मॅपस्ट्रक्टनं लिहिलेला क्लास उघडून ओळ न् ओळ वाचली. साधा, सरळ जावा. रिफ्लेक्शन (प्रोग्राम चालताना क्लास चाचपणं) नाही, कोड मधेच थांबवून बघायला ब्रेकपॉइंटही लागतो. या साधनावर माझा जीव जडला तो इथं. फक्त त्या फाइलीला हात लावू नका, पुढच्या बिल्डला बदल पुसले जातात.

आणि हो, एन्टिटीवर लोम्बॉकचं सरसकट ‘@डेटा’ नको; ते गेटर-सेटरसोबत ऑब्जेक्ट छापायची आणि ताडून बघायची मेथडही बनवतं. माझ्याकडं शेतकरी आपल्या पट्ट्या छापायला गेला, प्रत्येक पट्टी पुन्हा आपला शेतकरी छापायला लागली, आणि स्टॅक ओव्हरफ्लो. आता लोम्बॉककडून गेटर-सेटरच घेतो, दोन ऑब्जेक्ट एकच आहेत का ते ठरवणारे इक्वल्स आणि हॅशकोड स्वतः लिहितो.

राहिलंय बिगडेसिमलचं (जावातला नेमक्या दशांश आकड्यांचा प्रकार) राउंडिंग. मामा रक्कम नेमकी कुठल्या टप्प्यावर पूर्ण रुपयात आणतात, ते त्यांच्या जुन्या पट्टीबुकांतून काढतोय. तुरीची आवक सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे.