सत्तर यार्डांचा दौरा

दोन विमाने, एक बस आणि खांदा उतरवणारी किटबॅग असा दिवसभराचा प्रवास करून मी ज्या गावी पोहोचलो, त्या गावाविषयी मला काहीही सांगता येणार नाही. व्यावसायिक क्रिकेटपटूला गावे दिसतच नाहीत. त्याला विमानतळावरचा सामानाचा पट्टा दिसतो आणि हॉटेलातला बोळ दिसतो, जो सगळीकडे इतका सारखा असतो की एकदा मी मागच्या दौऱ्यातला खोली क्रमांक आठवून भलत्याच दारात किल्ली फिरवत उभा होतो. त्यातून या सामन्यात मी बारावा गडी असल्यामुळे माझे खरे प्रवासवर्णन पॅव्हेलियनच्या पायरीपासून खेळपट्टीपर्यंतच्या सत्तरेक यार्डांचेच आहे.

नियमानुसार बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकतो आणि २०१७ पासून पंचांच्या संमतीने यष्टिरक्षणही करू शकतो. गोलंदाजी आणि कर्णधारपद मात्र त्याला वर्ज्य आहे. पाण्याच्या बाटल्या वाहण्याच्या त्याच्या पात्रतेबद्दल कोणीच शंका घेत नाही. १९२८ साली सिडनीच्या कसोटीत साक्षात डॉन ब्रॅडमन बारावा गडी होता, असे सांगून प्रशिक्षक आमचे सांत्वन करतात. ब्रॅडमनने पुढच्याच कसोटीत परतून शतक ठोकले; मी पुढच्या सामन्यात त्याच बाटल्या घेऊन परतलो.

पहिला दिवस उन्हात गेला. दुसरा दिवस पावसामुळे पत्ते खेळण्यात गेला आणि तेथेही मी राखीवच होतो.

तिसऱ्या दिवशी आमचा सलामीवीर ९४ धावांवर खेळत असताना त्याने ग्लोव्हज बदलण्याची खूण केली. प्रशिक्षकांनी माझ्या हातात ग्लोव्हज कोंबले आणि कानात निरोप घातला, ‘चहापानापर्यंत उंच फटका मारू नकोस म्हणावे.’ मी जिवाच्या आकांताने धावत मधोमध पोहोचलो, तेव्हा दोन्ही ग्लोव्हज डाव्या हाताचे असल्याचे निष्पन्न झाले. पंचांनी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी शाळेत गणिताच्या तासाला पाहिली होती. मी पुन्हा धावत आलो, उजवा ग्लोव्ह शोधला, पुन्हा धावत गेलो, प्रतिस्पर्धी यष्टिरक्षकाच्या टाळ्या मान खाली घालून स्वीकारल्या आणि या सगळ्या गडबडीत निरोप पोटातच घेऊन परतलो. मी सीमारेषा ओलांडतो न ओलांडतो तोच चेंडू आकाशात गेला आणि लाँग-ऑनच्या हातात विसावला.

सलामीवीर पायऱ्या चढून माझ्यापाशी थांबला.

‘काही निरोप होता का रे?’

‘होता,’ मी म्हणालो, ‘पण आता तो पुढच्या डावात सांगतो.’

त्याने दोन्ही ग्लोव्हज काढून माझ्या हातात ठेवले. या वेळी जोडी बरोबर होती.

सामना अनिर्णित राहिला. परतीच्या विमानात आम्हा दोघांना शेजारशेजारच्या जागा मिळाल्या होत्या आणि खिडकीची जागा मी त्याने मागण्याआधीच सोडली.