हिंदीत पास, मराठीत फेल

दूध संकलन केंद्रांसाठी बनवलेल्या एका अ‍ॅपचे टेस्टिंग मी पुण्यात करते. केंद्रावरचा कर्मचारी सभासदाच्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) मोबाइलवर भरतो आणि संस्थेच्या कार्यालयात ब्राउझरवर त्याच नोंदींवरून दहा दिवसांचे बिल तयार होते. अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयओएसवर मराठी, हिंदी, कन्नड, गुजराती आणि इंग्रजीत चालते. त्या दिवशीच्या बिल्डमधला, म्हणजे चाचणीसाठी आलेल्या अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीतला, बदल लहान होता. लिटर आणि फॅटचे आकडे दशांश चिन्हानंतर एकाच अंकापर्यंत दिसावेत आणि तसेच सर्व्हरकडे जावेत, एवढेच करायचे होते.

चाचणीच्या आराखड्यात देवनागरीसाठी हिंदी निवडलेली होती. लिपी एकच असल्याने हिंदीत नीट उमटलेले मराठीतही उमटेल, हा त्यामागचा विचार होता आणि अक्षरांपुरता तो बराचसा खराही आहे. आराखड्यातल्या चारही भाषांत सगळे पास झाले. तरीही अ‍ॅपचा सर्वाधिक वापर मराठीत होत असल्याने मी फोन मराठीत करून एक नोंद थेट बिलापर्यंत नेली. अँड्रॉइडवर म्हशीच्या दुधाचे फॅट ‘६.५’ असे देवनागरी अंकांत उमटले आणि सर्व्हरने नोंद विनातक्रार स्वीकारली, पण बिलात त्या सभासदाचे दूध आलेच नाही. एररही कुठे दिसला नाही. तीच नोंद आयफोनवरून केल्यावर बिल बरोबर आले.

कारण शोधताना तीन गोष्टी एकापुढे एक उलगडत गेल्या. निरनिराळ्या प्रणाली भाषावार संकेतांसाठी युनिकोडच्या ज्या सीएलडीआर संग्रहावर अवलंबून असतात, त्यात मराठीचे प्रमाण अंक देवनागरी आहेत. हिंदी, कन्नड आणि गुजरातीसाठी मात्र इंग्रजी अंक ठरलेले आहेत. अँड्रॉइडवर आकड्याचा मजकूर बनवताना लोकेल, म्हणजे कोणत्या भाषेचे संकेत वापरायचे ते, कोडमध्ये सांगितले नाही, तर चालू भाषेचे लोकेल घेतले जाते. आयओएसवर वापरलेले फंक्शन लोकेल न सांगितल्यास अंक बदलत नाही. पुढे सर्व्हरवरच्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेला देवनागरी अंकांतली संख्या कळते, म्हणून पडताळणी पार पडली आणि मजकूर आला तसाच साठवला गेला. ब्राउझरमधले जावास्क्रिप्ट मात्र ‘६.५’ला संख्या मानत नाही, आणि बिलाचा कोड संख्या नसलेली नोंद रिकामी समजून वगळत होता.

मी हा बग रिलीज थांबवणारा ठरवला. अ‍ॅप क्रॅश झाले असते, तर केंद्रावरून लगेच फोन आला असता. इथे शेतकऱ्याचे पैसे गुपचूप कमी झाले असते आणि त्याला ते कळले असते बिल हातात पडल्यावर, तेही त्याने स्वतः हिशेब ठेवला असेल तरच.

दुरुस्तीच्या चर्चेत पडद्यावरही सर्वत्र इंग्रजी अंक दाखवावेत, अशी सूचना आली. मी तिला विरोध केला. मराठी निवडणाऱ्याला मराठी अंक दिसणे योग्यच आहे. चूक पडद्यासाठीचा मजकूर सर्व्हरकडे पाठवण्यात होती. अखेर सर्व्हरकडे जाणाऱ्या आकड्यांसाठी भाषानिरपेक्ष लोकेल सक्तीचे झाले, सर्व्हरची पडताळणी इंग्रजी अंकांपुरती मर्यादित केली गेली आणि संख्या नसलेली नोंद आढळल्यास बिल तयार न होता त्या नोंदीकडे बोट दाखवणारा संदेश येऊ लागला. लोकेल न सांगता आकडे मांडणाऱ्या ओळींबद्दल अँड्रॉइडचे लिंट हे कोडमधल्या संभाव्य चुका शोधणारे साधन पूर्वीपासूनच इशारा देते. तो इशारा आता बिल्ड अडवणारी चूक मानला जातो.

नव्या बिल्डवर मी मराठीतल्या नोंदी दोन्ही प्रकारच्या फोनवरून पुन्हा बिलापर्यंत नेल्या. अँड्रॉइड १३ पासून एकेका अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते, म्हणून फोन इंग्रजीत आणि अ‍ॅप मराठीत ठेवूनही तपासले. आराखड्यात मराठीची ओळ आता हिंदीपासून वेगळी आहे आणि तिच्यातली प्रत्येक चाचणी बिलाच्या बेरजेपाशी संपते.