एक टेम्प्लेट, तीन क्लाउड : नेटवर्कच्या टप्प्याची नोंद

ओपनटोफू (क्लाउडमधील यंत्रणा कोड लिहून उभारण्याचे साधन) याच्या एकाच टेम्प्लेटमधून ॲमेझॉनची ईकेएस, गूगलची जीकेई आणि मायक्रोसॉफ्टची एकेएस या तिन्ही सेवांवर कुबरनेटीज क्लस्टर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या मशीनचा (नोडचा) समूह, उभारण्याचे काम आता नोडपूलपर्यंत, म्हणजे एकसारख्या नोडच्या गटापर्यंत, पोहोचले आहे. वरच्या मोड्यूलला (कोडच्या पुन्हा वापरता येणाऱ्या भागाला) क्लस्टरचे नाव, कुबरनेटीजची आवृत्ती, नोडची कमाल संख्या आणि मशीनचा आकार एवढेच सांगावे लागते. त्याखालची तीन मोड्यूल ही माहिती आपापल्या क्लाउडच्या परिभाषेत उतरवून घेतात. आवृत्ती 1.31 सारखी, फक्त पहिल्या दोन भागांत दिली तरी तिन्हीकडे चालते, त्यामुळे तो भाग लवकर मार्गी लागला.

खरा कस लागला तो पॉडच्या (नोडवर चालणाऱ्या कंटेनरच्या लहानात लहान गटाच्या) आयपी पत्त्यांपाशी. ईकेएसच्या नेहमीच्या मांडणीत पॉडला थेट व्हीपीसीतील (ॲमेझॉनवरील आपल्या खासगी नेटवर्कमधील) पत्ता मिळतो आणि नोडवर किती पॉड मावतील हे मशीनला जोडता येणाऱ्या नेटवर्क इंटरफेसवर अवलंबून असते. प्रीफिक्स डेलिगेशन (इंटरफेसला सुट्या पत्त्यांऐवजी पत्त्यांचे गट देण्याची सोय) सुरू केले नसेल, तर एम5.लार्ज या प्रकारच्या मशीनवर ही मर्यादा 29 आहे. जीकेईच्या स्टँडर्ड क्लस्टरमध्ये मात्र 110 पॉडच्या मूळ मर्यादेसाठी प्रत्येक नोडला /24 चा, म्हणजे 256 पत्त्यांचा, तुकडा राखून ठेवला जातो, त्यामुळे पॉडसाठी /20 ची, म्हणजे 4096 पत्त्यांची, रेंज दिल्यास सोळा नोडनंतर जागा उरत नाही. एकेएसवर ओव्हरले पद्धत निवडली की पॉडचे पत्ते व्हीनेटबाहेरील (मायक्रोसॉफ्टकडील आपल्या खासगी नेटवर्कबाहेरील) स्वतंत्र रेंजमधून येतात आणि सबनेटला, म्हणजे त्या नेटवर्कच्या एका भागाला, नोडपुरतेच पत्ते पुरवावे लागतात.

एवढे भिन्न अर्थ असलेल्या गोष्टीला एकच सामाईक व्हेरिएबल देणे मला दिशाभूल करणारे वाटते, म्हणून पॉडची रेंज वरच्या मोड्यूलमध्ये ठेवलेली नाही. तेथे नोडमागे अपेक्षित पॉडचा आकडा घेतला जातो, प्रत्येक मोड्यूल त्यावरून आपल्या क्लाउडचा हिशेब करते आणि तो बसत नसल्यास प्रीकंडिशन (आधीच घातलेली अट) तपासणी प्लॅनच्या, म्हणजे प्रत्यक्ष बदलांपूर्वीच्या पडताळणीच्या, वेळीच काम थांबवते. टेम्प्लेटचे मोल मला येथेच सर्वाधिक जाणवते, कारण चालू क्लस्टरमध्ये पत्ते संपल्यावर होणारी दुरुस्ती फार किचकट असते.

क्लस्टर आणि त्यावर बसवायचे इन्ग्रेससारखे (बाहेरची रहदारी आत आणणारे) घटक यांची स्टेट, म्हणजे काय उभारले आहे याची ओपनटोफूने ठेवलेली नोंद, वेगवेगळी ठेवली आहे, जेणेकरून अजून अस्तित्वात नसलेल्या क्लस्टरच्या पत्त्यावर कुबरनेटीज प्रोव्हायडर (ओपनटोफूला क्लस्टरशी जोडणारा प्लगइन) विसंबून राहू नये. प्रत्येक क्लाउडची स्टेटही स्वतंत्र आहे.

पुढचा टप्पा पॉडना क्लाउडमधील परवानग्या देण्याचा आहे. तिन्ही सेवांमध्ये सर्व्हिस अकाउंटच्या (पॉडला क्लस्टरमध्ये मिळणाऱ्या ओळखीच्या) ओआयडीसी टोकनवर, म्हणजे ती ओळख पटवणाऱ्या प्रमाणित पुराव्यावर, आधारलेली सोय असल्याने, या भागासाठी सामाईक इनपुट म्हणून नेमस्पेस (क्लस्टरमधील नावानिशी वेगळा केलेला विभाग) आणि सर्व्हिस अकाउंटचे नाव पुरेल, असा माझा अंदाज आहे.